आस्कर्निश : वाळूच्या टेकड्यांतून परत आलेले मैदान

आस्कर्निशचे गोल्फ मैदान स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आउटर हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या साउथ यूइस्ट बेटावर आहे. ओल्ड टॉम मॉरिस यांनी ते १८९१ मध्ये आखले. पुढच्या काळात त्याचा बराचसा भाग गवताखाली आणि वाळूखाली गेला, इतका की अठरापैकी कुठला होल नेमका कुठे होता हे बेटावरही कुणाला खात्रीने सांगता येईना. २००५ च्या अखेरीस शोध सुरू झाला आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये अठरा होलांचे मैदान पुन्हा खुले झाले. गोल्फच्या जगात त्याची चर्चा झाली ती मुख्यतः मॉरिस यांच्या नावामुळे. प्रस्तुत लेखकाला मात्र मैदान चालून पाहताना आणि बेटाचा इतिहास चाळताना एक वेगळाच प्रश्न जास्त मोलाचा वाटला : ही जमीन कुणाची, तिच्यावर गुरे चारण्याचा हक्क कुणाचा, आणि खेळाने त्यातली किती जागा मागावी. मैदान उभे राहिले तेव्हा, ओस पडले तेव्हा आणि परत आले तेव्हाही हा प्रश्न आडवा आलेला आहे.

ज्या प्रकारच्या जमिनीवर गोल्फ वाढला तिला लिंक्स म्हणतात. पुळण संपते आणि नांगराखालची जमीन सुरू होते, त्या दोहोंमधला हा वाळूचा पट्टा. वाऱ्याने वाळू उडून टेकड्या होतात, टेकड्यांवर मॅरम नावाचे उंच, काटक गवत मूळ धरते आणि त्या मुळांच्या जाळ्यात वाळू अडकून राहते. टेकड्यांच्या आडोशाला, खोलगट जागांत, फेस्क्यू जातीचे बारीक पात्याचे गवत वाढते. पावसाचे पाणी वाळूत झपाट्याने मुरते, त्यामुळे जमीन कडक आणि कोरडी राहते. चेंडू पडल्यावर थांबत नाही, उताराउताराने धावत जातो. मेंढ्या आणि ससे गवत आखूड ठेवतात. मेंढ्या वाऱ्यापासून अंग चोरून बसत त्या जागी गवत झिजून वाळू उघडी पडे. आज मैदानांवर मुद्दाम खणतात त्या बंकरांचे मूळ अशा खड्ड्यांत असल्याचे मानले जाते. शेतीला फारशी उपयोगी नाही म्हणून ही जमीन गावाच्या सामायिक वापरात राहिली, आणि सामायिक होती म्हणूनच तिथे खेळ रुजला.

साउथ यूइस्टवर या पट्ट्याला आणखी एक वैशिष्ट्य आहे. टेकड्यांच्या मागे माखर नावाचे सपाट कुरण बेटाच्या जवळजवळ संपूर्ण पश्चिम किनाऱ्याने पसरले आहे. हिमयुगानंतर मागे उरलेली वाळू आणि समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा वाऱ्याने आत आणला आणि पीटच्या आंबट जमिनीच्या कडेने पसरला. शिंपल्यांतल्या चुन्यामुळे माती गोड झाली आणि जिथे एरवी हेदर नि लव्हाळ्यांखेरीज काही उगवत नाही तिथे कुरण तयार झाले. अशी जमीन जगात फक्त स्कॉटलंडच्या पश्चिम-उत्तर किनाऱ्यावर आणि आयर्लंडच्या पश्चिमेला आढळते. बेटावरचे शेतकरी तिच्यात आलटून पालटून ओट, राय आणि बार्लीची जुनी वाणे पेरतात, वादळाने किनाऱ्यावर टाकलेले समुद्री शेवाळ खत म्हणून पसरतात, आणि पुढची दोन-तीन वर्षे जमीन पडीक ठेवतात. पडीक वर्षांत ती फुलते. जुलै महिन्यात गुडघे टेकून हातभर जागा निरखली तर तेवढ्यात लाल क्लोव्हर, पिवळे बटरकप, पांढऱ्या डेझी, आयब्राइटची नखाएवढी फुले आणि मधूनच जांभळ्या ऑर्किडचा तुरा दिसतो. टिटव्या आणि चंडोल तर आहेतच. शिवाय ब्रिटनमध्ये इतरत्र जवळपास नाहीसा झालेला कॉर्नक्रेक हा आफ्रिकेतून येणारा पक्षी इथल्या उंच गवतात अजून घरटी करतो. दिसतो क्वचितच, त्याची कंगव्यावर नख ओढल्यासारखी करकर मात्र रात्रभर ऐकू येते.

बेटावर पोचण्याचे मार्ग दोन. ग्लासगोहून शेजारच्या बेनबेक्युला बेटापर्यंत विमान आणि पुढे समुद्रातून बांधलेल्या रस्त्याने मोटार. किंवा मालेग बंदरातून साडेतीन तासांची फेरी, जी लॉकबॉइसडेलला लागते आणि वारा चढला की रद्द होते. दुसरा मार्ग अवश्य घ्यावा. पूर्वेकडून येताना बेट डोंगराळ आणि ओसाड वाटते. सर्वांत उंच बेन मोर हा डोंगर ६२० मीटरचा. धक्क्यावर उतरून पश्चिमेकडे थोडेच मैल गेले की डोंगर मागे पडतात, तळी लागतात, मग एकदम सपाट हिरवळ आणि पलीकडे अटलांटिक. रस्ता एकपदरी, समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत थांबायचे आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानायचे, ही इथली रीत. लोकसंख्या दोन हजारांच्या आत, बहुसंख्य कॅथलिक, आणि गेलिक भाषा अजून घराघरांत बोलली जाते.

आस्कर्निश समजण्यासाठी बेटाच्या मालकीचा इतिहास आधी पाहावा लागतो. शतकानुशतके हे बेट क्लॅनरॅनल्डच्या मॅकडोनल्ड घराण्याकडे होते. समुद्री शेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरभराटीला आला आणि नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर कोसळला. घराणे कर्जात बुडाले आणि १८३८ मध्ये बेट कर्नल जॉन गॉर्डन यांनी विकत घेतले. बटाट्याच्या रोगाने आलेल्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, त्यांनी आपल्या बेटांवरच्या सुमारे १,७०० लोकांना जहाजांत घालून कॅनडाला पाठवले. काहींना पाठलाग करून, बांधून जहाजावर चढवल्याच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. सुपीक माखर मोठ्या मेंढीपालकांच्या हाती गेली आणि उरलेली कुटुंबे पूर्वेच्या खडकाळ, पीटच्या जमिनीवर ढकलली गेली.

१८८३ मध्ये नेपियर आयोगाने हायलँड आणि बेटांवर फिरून कुळांच्या तक्रारी ऐकल्या आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना, म्हणजे जमिनीच्या छोट्या तुकड्यावर राबणाऱ्या कुळांना, बेदखलीपासून संरक्षण मिळाले. प्रत्येक क्रॉफ्टला गावाच्या गायरानात ठरावीक जनावरे चारण्याचा वाटा असतो. मराठी वाचकाला गायरान म्हणजे काय आणि ते बळकावले गेले की गावाचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

या सुमारास बेटाची मालकी लेडी एमिली गॉर्डन कॅथकार्ट यांच्याकडे होती. कर्नलच्या मुलाशी त्यांचा पहिला विवाह झाला होता. बेटावर त्या फारशा फिरकल्या नाहीत. मासेमारी आणि शिकारीसाठी येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना आणखी एक आकर्षण असावे म्हणून गोल्फचे मैदान करावे, अशी त्यांच्या इस्टेटीची योजना होती. तो काळच गोल्फच्या लाटेचा होता. रेल्वे आणि आगबोटींनी दूरचे किनारे जवळ आणले होते आणि गटापर्चाच्या स्वस्त चेंडूने खेळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला होता. लेडी कॅथकार्ट यांच्या जमिनीच्या हट्टाची कीर्ती मात्र वेगळीच आहे. भूमिहीन लोकांनी त्यांच्या मालकीच्या वाटरसे बेटावर झोपड्या बांधून बटाटे लावले, तेव्हा १९०८ मध्ये त्यांच्यापैकी काहींना तुरुंगात धाडण्यात आले. लोकांचा संताप इतका झाला की शेवटी सरकारला ते बेट विकत घ्यावे लागले. आस्कर्निशचे मैदान याच मालकिणीच्या राज्यात जन्मले, ही गोष्ट पुढच्या वादासाठी ध्यानात ठेवावी.

टॉम मॉरिस यांचा जन्म १८२१ चा, सेंट अँड्रयूज गावचा. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा त्यांनी ओपन स्पर्धा जिंकली. गावच्या मैदानाची निगा त्यांनी अनेक दशके सांभाळली, आणि ग्रीनवर वाळू पसरली की गवत दाट येते हे त्यांनी रूढ केलेले तंत्र आजही जगभर वापरात आहे. देशोदेशीचे जमीनदार आणि क्लब त्यांना मैदान आखायला बोलावत. मेहनताना दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. प्रेस्टविक, मॅक्रिहानिश, रॉयल डॉर्नॉक, आयर्लंडमधले लहिंच ही त्यांच्या हातची किंवा त्यांचा हात लागलेली मैदाने. १८९१ च्या उन्हाळ्यात, सत्तरीत पोचलेले असताना, ते होरेस हचिन्सन या नामवंत हौशी खेळाडूसह आगबोटीने साउथ यूइस्टला आले आणि आस्कर्निशच्या टेकड्यांत अठरा होल आखून गेले.

आखणे म्हणजे त्या काळी काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुनरुज्जीवनाचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. मॉरिस नकाशे काढत नसत आणि माती हलवत नसत. हलवायला यंत्रेही नव्हती. ते जमीन पायी फिरत, टेकड्यांच्या कुशीत जिथे गवत आपोआप आखूड आणि सपाट आहे अशा जागा हेरत, तिथे ग्रीनची खूण म्हणून काठी रोवत. मग त्या ग्रीनकडे नजर टाकता येईल अशी उंचवट्याची जागा टीसाठी ठरवत. दोन खुणांमध्ये जमीन जशी असेल तसा होल. मध्ये टेकडी आली तर चेंडू टेकडीवरून मारायचा, पलीकडचे दिसले नाही तरी. काही दिवसांत काम संपे. उरलेले मेंढ्या आणि विळे करत.

असे मैदान जितक्या सहज तयार होते तितक्याच सहज नाहीसे होते. पहिल्या महायुद्धानंतर इस्टेटीचा उत्साह ओसरला. १९३० च्या दशकात बेटांवर विमानसेवा सुरू झाली, तेव्हा विमाने उतरायला आस्कर्निशची सपाट हिरवळ सोयीची ठरली आणि होल इकडेतिकडे सरकवले गेले. टेकड्यांतले होल कापायला आणि राखायला अवघड, म्हणून ते हळूहळू सुटत गेले. माखरेच्या सपाटीवर नऊ होल उरले. बेट पुढे शिकारीची हौस असलेल्या मालकांच्या हातांतून फिरत राहिले. ते नऊ होल मात्र कधी पुरते बंद पडले नाहीत. बेटावरचे मोजके खेळाडू स्वतःच गवत कापत, कुंपणे दुरुस्त करत आणि मैदान ओल्ड टॉमचे असल्याची आठवण सांगत. हे लोक नसते तर शोधायला काही उरलेच नसते. पुनरुज्जीवनाच्या वर्णनांत त्यांना मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

२००५ च्या अखेरीस गॉर्डन अर्विन हे स्कॉटिश मैदान-सल्लागार बेटावर आले. मैदानाचा मॉरिस यांच्याशी संबंध असल्याचा दावा त्यांच्या कानावर आला होता, आणि सपाटीवरचे नऊ होल पाहून त्यांना तो खरा वाटेना. तशा जमिनीवर मॉरिस यांनी अठरा होल काढण्याचे कारण दिसत नव्हते. मग ते पलीकडच्या टेकड्या चढून गेले. तिथे जुन्या जाणत्या नजरेला लगेच ओळखू येईल अशी जमीन पसरलेली होती : पन्नास-साठ फुटी टेकड्या, त्यांच्यामधून वळत गेलेल्या दऱ्या, आणि दऱ्यांच्या टोकांना ग्रीनएवढे सपाट ओटे. त्यांनी क्लबच्या स्थानिक मंडळींबरोबर ती जमीन पुन्हा पुन्हा पायाखाली घातली. मोबदला न घेता काम करण्याची तयारी दाखवली. मैदानांचे वास्तुकार मार्टिन एबर्ट, ज्यांनी पुढे रॉयल पोर्टरश आणि टर्नबेरी या मैदानांत मोठे बदल केले, तेही जोडले गेले.

मॉरिस यांचा मूळ आराखडा उपलब्ध नव्हता. १८९१ च्या वृत्तपत्रांतून मैदान झाल्याचे कळत होते, होल कसे होते ते नव्हे. त्यामुळे जमिनीलाच विचारावे लागले. टेकड्यांमध्ये ग्रीनसाठी योग्य असे ओटे शोधायचे, त्यांच्यापासून मागे चालत टीची जागा ठरवायची, एका ग्रीनवरून पुढच्या टीकडे थोडक्यात जाता येते का ते पाहायचे, आणि अठरा तुकडे जुळून एक फेरी पुरी होते का हे तपासायचे. मॉरिस यांनी केले तेच पुन्हा करायचे. हे मैदान शब्दशः मॉरिस यांचे आहे असा दावा म्हणूनच काटेकोरपणे करता येत नाही, आणि काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतलीही आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते शंका रास्त आहे, पण तिने कामाचे मोल घटत नाही. इथे जीर्णोद्धार झाला तो मॉरिस यांच्या पद्धतीचा, आणि ती पद्धत कागदापेक्षा जमिनीत जास्त टिकून होती.

कामात बुलडोझर लागले नाहीत. टेकड्यांतले गवत टप्प्याटप्प्याने कापत आणले. सशांची बिळे बुजवली. ग्रीनच्या जागी हातयंत्राने कापणी करून वर वाळूचे पातळ थर दिले, म्हणजे मॉरिस यांचेच तंत्र. फेस्क्यू आणि बेंट जातीचे गवत आधीपासून होतेच, त्याला मोकळे केले. स्थानिक आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक खपले. नव्या मैदानांवर गवत पेरून, नळ टाकून, माती बदलून जितका पैसा ओतला जातो त्याच्या मानाने इथला खर्च नगण्य होता. पूर्ण झालेले मैदान सुमारे ६,२०० यार्डांचे आणि पार ७२ चे आहे.

खेळताना पहिले सहा होल माखरेच्या सपाटीवर जातात. वारा तेवढा सांभाळायचा, बाकी जमीन सौम्य. सातव्या टीवर उभे राहिले की एकदम टेकड्यांचा प्रदेश आणि समुद्र समोर येतो आणि खेळाचे रूप बदलते. इथून पुढे बहुतेक फटक्यांत वारा, उतार आणि नशीब यांचा हिशेब करावा लागतो. फेअरवेला सपाट जागा फार थोड्या. चेंडू एका बाजूला नि पाय दुसऱ्या उतारावर, अशा अवस्थेत फटका मारायचा. चेंडू फेअरवेच्या कडेला मॅरममध्ये गेला तर शोधण्यात वेळ घालवू नये. सोळावा होल ‘ओल्ड टॉमचे व्यासपीठ’ या नावाने ओळखला जातो. त्याचे ग्रीन उंचावर, टेकडीच्या खांद्यावर बसवलेले आहे, आणि फटका थोडा जास्त झाला की चेंडू दिसेनासा होतो. अशी जागा आजच्या कुठल्याही वास्तुकाराने कागदावर काढली तर मालक ती खोडून टाकेल. ती जमिनीत होती म्हणूनच राहिली.

जीर्णोद्धार चालू असतानाच बेटाची मालकी बदलली. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावकऱ्यांच्या सामूहिक खरेदीला आधार दिला होता. ३० नोव्हेंबर २००६ रोजी ‘स्तोरास उइश्त’ या रहिवाशांच्या कंपनीने साउथ यूइस्ट, एरिस्के आणि बेनबेक्युलाच्या काही भागासह सुमारे ९३,००० एकरांची इस्टेट ४५ लाख पौंडांना विकत घेतली. ज्यांचे पूर्वज याच जमिनीवरून जहाजात घातले गेले होते त्यांची वारसमंडळी तिची मालक झाली. नव्या मालकांना उत्पन्न हवे होते, तरुणांना बेटावर ठेवील असे काम हवे होते, आणि आस्कर्निश हे त्यांच्या योजनांत ठळक होते.

मग विरोध झाला. काही क्रॉफ्टरांचे म्हणणे होते की टेकड्या आणि माखर हे त्यांचे गायरान आहे. तिथे टी आणि ग्रीन आले की चराई आक्रसणार, आणि आज मैदान आले तर उद्या हॉटेल येईल. प्रकरण न्यायालयात गेले. बाहेरच्या पत्रकारांनी या विरोधाला बेटावरचे भांडण म्हणून रंगवले, ते योग्य नव्हते. ज्या बेटावर कुरण हिरावले जाण्याची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते तिथे मालक आता आपलाच आहे एवढ्याने कुणी निर्धास्त होत नाही. दुसऱ्या बाजूला हेही खरे की गोल्फ या जमिनीवर शतकाहून अधिक काळ खेळला जात होता आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांनी कुरण उखडले नव्हते. मैदान ठरल्याप्रमाणे उघडले, आणि चराईही थांबली नाही.

आजची व्यवस्था त्या वादातून घडलेली आहे असे म्हणता येईल. उन्हाळ्यात गुरे डोंगराकडच्या चराईवर जातात आणि मैदान खेळाडूंचे असते; हिवाळ्यात गुरे-मेंढ्या परत माखरेवर येतात, गवत खातात, तुडवतात आणि खत टाकतात. रासायनिक खते आणि तणनाशके टाळली जातात. जमिनीला लागलेच तर समुद्री शेवाळ. त्यामुळे फुले आणि पक्षी शाबूत आहेत. खेळाडूला याची किंमत मोजावी लागते : ग्रीन गुळगुळीत नसतात, चेंडू हळू धावतो, फेअरवेवर क्लोव्हर आणि डेझी असतात, शेणही असते. हौशी गोल्फखेळाडूने ही किंमत आनंदाने द्यावी, कारण एकोणिसाव्या शतकात सगळे गोल्फ असेच खेळले जाई.

खरा धोका समुद्राकडून आहे. जानेवारी २००५ च्या वादळात बेटावर एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बळी गेला आणि किनाऱ्याच्या टेकड्यांची कड मोठ्या प्रमाणावर खचली. टेकड्यांमागची बरीचशी जमीन इतकी सखल आहे की भरतीचे पाणी तिच्यापासून केवळ त्या टेकड्यांमुळे अडून राहते. टेकडी फुटली तर ग्रीन जाईल, कुरण जाईल आणि त्यामागची शेतेही जातील. म्हणून मॅरम तुडवले जाऊ नये, उघड्या पडलेल्या वाळूवर ते पुन्हा लावावे, पायवाटा बदलत्या ठेवाव्यात, ही काळजी इथे गोल्फ क्लब आणि क्रॉफ्टर दोघांच्याही गरजेची आहे.